लाईन गेली, सर्व्हर परत आला, पण मार्चची खतावणी उघडत नाही

भाऊ, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी थोडक्यात सांगतो, चुकत असेल तर सांगा. नागपूरच्या इतवारीत किराणा होलसेल, बिलिंगचा सर्व्हर म्हणजे असेंबल केलेला पीसी, त्यावर उबंटू २२.०४ (लिनक्स) आणि पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस, डेटा साधारण ४० जीबी. परवा संध्याकाळी वावधन आलं, लाईन गेली, यूपीएसने दोन मिनिटंसुद्धा धरलं नाही आणि मशीन धाडकन बंद पडलं. सकाळी सुरू केलं तर डेटाबेस आपोआप उठला, बिलंही निघून राहिली, पण मार्चची खतावणी काढली की 'इन्व्हॅलिड पेज इन ब्लॉक' अशी एरर येते, आणि एका पार्टीची चार बिलं रजिस्टरमध्ये दिसतात पण नावाने शोधली तर सापडत नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांचा इंजिनिअर फोनवर म्हणतो पीजी_रीसेटवॉल चालवा. शेटजी म्हणतात धंदा बंद ठेवायचा नाही. बॅकअप आहे तो तीन आठवड्यांपूर्वीचा, तोही त्याच डिस्कवर.

सगळ्यात आधी, पीजी_रीसेटवॉल चालवू नका. कितीही घाई असली, कोणीही कितीही ठामपणे सांगितलं तरी नका. ती कमांड कशासाठी आहे तर वॉल (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती डेटाबेसची नोंद) खराब झाल्यामुळे किंवा कंट्रोल फाईल खराब झाल्यामुळे सर्व्हर उठतच नाही, दुसरा काही उपाय उरला नाही, अशा वेळी कसंबसं दार उघडून आतलं सामान बाहेर काढण्यासाठी. तुमचा सर्व्हर तर उठलेला आहे. म्हणजे वॉल वाचून झाली, रिकव्हरी झाली, तो विषय संपला. आता रीसेट करून मिळणार काहीच नाही आणि गमवायला बरंच काही आहे. तुमचं खराब पान (एररमधला 'ब्लॉक', फाईलचा छोटा तुकडा) टेबलच्या फाईलमध्ये आहे, वॉलमध्ये नाही, त्या इंजिनिअरने बहुतेक तुमचं ऐकून न घेता सवयीने सांगितलं.

दुसरं, बिलिंग थांबवा. हे शेटजींना पटवणं कठीण आहे ते मला माहीत आहे, इतवारीत अर्धा दिवस काउंटर बंद म्हणजे काय ते मी पण पाहिलेलं आहे, पण काउंटर बंद करायचा नाहीये, फक्त कॉम्प्युटर बंद करायचा आहे. जुनं छापील बिलबुक काढा, नंबरची वेगळी सिरीज धरा, हाताने बिलं करा, नंतर चढवता येतील. शेटजींना असं सांगा की आत्ता अर्धा दिवस हाताने लिहिलं तर पन्नास-शंभर बिलं परत चढवावी लागतील, आणि चालू ठेवलं तर कदाचित पूर्ण वर्षाची उधारी कोणाकडे किती हेच सांगता येणार नाही. उधारीचं नाव काढलं की व्यापारी माणूस ऐकतो. आणि हे खरंच आहे, घाबरवण्यासाठी सांगून राहिलो नाही: इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, बिघडलेला असेल तर जे बिल सापडत नाही ते कोणीतरी परत बनवतो, युनिक इंडेक्स (तोच नंबर दोनदा येऊ न देणारा) तुटलेला असेल तर डेटाबेससुद्धा त्याला अडवत नाही, मागे ऑटोव्हॅक्युम (जुन्या ओळींची आपोआप साफसफाई) आपलं काम करत राहतो, आणि आज जे नुकसान दोन-चार पानांचं आहे त्याच्यावर उद्यापर्यंत इतकं नवीन लिहिलं जातं की खरं कोणतं नि खोटं कोणतं हेच वेगळं करता येत नाही.

बंद करताना साधं फास्ट मोडमध्ये स्टॉप करा. किल माइनस नाइन, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारणं, नको. आणि पोस्टमास्टर.पीआयडी नावाची फाईल दिसली म्हणून ती हाताने उडवू नका, जुनी प्रोसेस जिवंत असताना ती उडवली आणि दुसरा सर्व्हर त्याच डिरेक्टरीवर उठला तर दोघे मिळून जे करतील ते कोणालाच निस्तरता येणार नाही.

आता कॉपी. बर्डीच्या बाजारात जा, ५०० जीबीची एक चांगली नवीन एसएसडी आणा, आणि सर्व्हर बंद असताना पूर्ण डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी तिच्यावर घ्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, पीजी_वॉलसकट, आणि टेबलस्पेस (टेबलं ठेवायच्या जास्तीच्या जागा) वेगळीकडे ठेवल्या असतील तर त्यांच्यासकट. उबंटूत कॉन्फिगच्या फाईली ईटीसीमध्ये असतात, त्याही घ्या, लॉगही घ्या. कॉपी करता करता रीड एरर आली किंवा कॉपी मधेच अडकून पडली तर तिथेच थांबा, कारण मग प्रश्न डेटाबेसचा नाही, डिस्कच मरून राहिली आहे. तेव्हा मशीन पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने बूट करून, ती डिस्क माउंट न करता, डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची इमेज घ्या, ते आधी चांगला भाग पटापट उचलतं आणि खराब जागा शेवटी परत परत ट्राय करतं. तसंही कॉपी करायच्या आधी डीमेसेज (लिनक्सचे सिस्टम मेसेज) पाहून घ्या त्यात आय-ओ एरर आहेत का, आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये रीअलोकेटेड सेक्टर नि पेंडिंग सेक्टरचे आकडे पाहा. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर एक मिनिटसुद्धा जास्त भरवसा ठेवू नका.

एक कॉपी झाली की तिच्यावरून दुसरी करा. पहिलीला हात लावायचा नाही, दुसरीवर सगळे प्रयोग. हे मी पुस्तकातलं सांगून राहिलो नाही. दहाबारा वर्षं झाली असतील, वर्ध्याकडच्या एका जिनिंगमध्ये ऐन कापसाच्या सीझनला डिस्क फुल झाली होती. तिथल्या मुलाला पीजी_एक्सलॉग नावाची डिरेक्टरी दिसली, नावात 'लॉग' आहे म्हणजे फालतू जुने लॉग असतील असं समजून त्याने आतल्या फाईली उडवल्या. त्या काळी कित्येक लोकांनी हेच केलं होतं, म्हणूनच २०१७ साली व्हर्जन १० मध्ये त्या डिरेक्टरीचं नाव बदलून पीजी_वॉल केलं. मला बोलावलं, मी गेलो, बाहेर गाड्यांची रांग लागलेली, मालक डोक्यावर उभा, आणि मी कॉपी न घेता सरळ मूळ डिरेक्टरीवरच पहिला उपाय करून पाहिला. तो चुकला. दुसरा जो उपाय कदाचित चालला असता त्याच्यासाठी मूळ स्थिती उरलीच नव्हती. शेवटी रात्रीच्या डंपवरून (बॅकअपच्या फाईलवरून) डेटा परत आणला आणि मधले दिवस काट्याच्या पावत्यांवरून दोन माणसं बसवून चढवले. शेतकऱ्यांचे चुकारे त्या पावत्यांवर अडकलेले होते. ती रांग मला अजून आठवते, आणि त्या दिवसापासून कॉपी घेतल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावत नाही.

आता मूळ गोष्ट, क्रॅश झाला म्हणजे डेटा खराब व्हायलाच पाहिजे का. नाही. हे समजून घेणं फार जरुरी आहे, कारण त्याच्यावरूनच तुमच्याकडे नेमकं काय झालं ते शोधता येईल. तुम्ही होलसेलमध्ये आहात म्हणून रोजकीर्द नि खतावणीचं उदाहरण घेऊ. जुना मुनीम व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यात उतरवायचा. उतरवता उतरवता दिवा गेला तरी काही बिघडत नाही, रोजकीर्द उघडायची आणि कुठपर्यंत उतरवलं होतं तिथून पुढे परत उतरवायचं. पोस्टग्रेसमध्ये वॉल म्हणजे ती रोजकीर्द, टेबलच्या फाईली म्हणजे खतावणी, आणि चेकपॉइंट म्हणजे 'इथपर्यंत सगळं उतरवून झालं' अशी मारलेली खूण. लाईन गेली, मशीन परत उठलं, की तो शेवटच्या खुणेपासून वॉल वाचतो आणि सगळं परत उतरवतो. अर्धं लिहिलेल्या पानाचाही बंदोबस्त आहे. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, खाली लिनक्स बहुतेक ४ केबीच्या तुकड्यात लिहितो, म्हणजे अर्धं नवीन अर्धं जुनं असं फाटकं पान होऊ शकतं, म्हणून चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते पूर्ण पानच वॉलमध्ये उतरवून ठेवतात. त्याचं नाव फुल_पेज_राइट्स, आणि ते मुळात चालूच असतं.

त्यामुळे लॉगमध्ये 'डेटाबेस सिस्टम वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन, ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस' असं दिसलं तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. त्याच्या खाली 'इन्व्हॅलिड रेकॉर्ड लेंथ, वॉन्टेड २४, गॉट ०' असं काहीतरी असेल, तेसुद्धा वाईट नाही, वॉल कुठे संपली ते त्याला असंच कळतं, पुढचं पान कोरं लागलं एवढाच त्याचा अर्थ. लोक ह्या एका ओळीवरून रात्री दोन वाजता मला फोन करतात. वाईट काय तर 'इन्व्हॅलिड पेज', 'कुड नॉट रीड ब्लॉक', 'मिसिंग चंक नंबर', 'कुड नॉट ॲक्सेस स्टेटस ऑफ ट्रान्झॅक्शन'. ह्यातलं काहीही दिसलं तर कुठेतरी खरंच बिघाड आहे.

मग एवढा बंदोबस्त असून बिघाड आला कुठून? ही पूर्ण पद्धत एका वचनावर उभी आहे, की डिस्कने 'लिहिलं' म्हटलं म्हणजे खरंच लिहिलं. स्वस्तातली डिस्क हे वचन पाळत नाही. लिहायचं ते आपल्या कॅशमध्ये ठेवते, 'झालं' म्हणून सांगते, आणि तेवढ्यात लाईन गेली की ते हवेत. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडीत लाईन गेल्यावर कॅश रिकामी करण्यापुरती वीज धरून ठेवणारे कपॅसिटर नसतात, सर्व्हरसाठीच्या एसएसडीत असतात, दोघींच्या किमतीत फरक असतो तो उगीच नसतो. फिरत्या हार्डडिस्कची परीक्षा तर साध्या गणिताने होते: ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, म्हणून एकामागून एक खरोखर डिस्कवर लिहायचं तर सेकंदाला साधारण १२० च्या वर जाता येत नाही, पीजी_टेस्ट_एफसिंक चालवल्यावर तुमची हार्डडिस्क हजारोंचा आकडा दाखवत असेल तर मधे कोणीतरी खोटं बोलून राहिलं आहे. कधी ही चूक माणसाचीही असते. बिलं फास्ट निघावी म्हणून कोणीतरी कॉन्फिगमध्ये एफसिंक (डिस्कवर खरंच लिहिलं जाईपर्यंत थांबायचं सेटिंग) ऑफ करून ठेवलेलं मी स्वतः दोन-तीन ठिकाणी पाहिलं आहे. तुमच्याकडे शो एफसिंक आणि शो फुल_पेज_राइट्स करून पाहा, दोन्ही ऑन पाहिजे. सिंक्रोनस_कमिट ऑफ असेल तर ते वेगळं, त्याने शेवटच्या अर्ध्या-एक सेकंदातली बिलं जाऊ शकतात पण पान खराब होत नाही.

आता तुमच्या केसमधली मला खटकलेली गोष्ट. लाईन गेली मे महिन्यात. एरर आली मार्चच्या खतावणीत. मग मार्चचं पान परवा संध्याकाळी कोण लिहून राहिलं होतं? सॉफ्टवेअर पैसे जमा झाल्यावर बिलाच्या त्याच ओळीत 'वसूल' लावत असेल तर जुन्या पानालाही हात लागतो, मग क्रॅशचा संशय बरोबर. पण जमा वेगळ्या टेबलमध्ये जात असेल तर मार्चच्या पानाला कोणी हातच लावलेला नाही, आणि मग संशय डिस्कवर किंवा रॅमवर जातो. एसएसडी जुना डेटासुद्धा आतल्या आत इकडून तिकडे हलवत असते, त्या वेळी लाईन गेली तर ज्याला कोणी शिवलं नव्हतं तेही बिघडू शकतं. किंवा पान आधीच बिघडलेलं होतं, तुम्हाला ते आत्ता दिसलं कारण क्रॅश झाला म्हणून तुम्ही सगळं तपासायला बसलात. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा, मूळ मशीन तसंही रिकामंच राहील.

आणि ह्याच्यातूनच तुमच्या फायद्याची गोष्ट निघते. तीन आठवड्यांपूर्वीचा बॅकअप पीजी_डंपने घेतलेला असेल, तर डंप प्रत्येक टेबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. तो पूर्ण झाला असेल तर त्या दिवशी मार्चचं पान ठीक होतं, आणि मार्चची सगळी बिलं त्या डंपमध्ये आहेत! फक्त खात्री करा की डंप खरंच पूर्ण झाला होता, रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एरर आली तरी अर्धवट फाईल पडून राहते आणि कोणी पाहत नाही. साध्या टेक्स्ट डंपच्या शेवटी 'पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस डंप कम्प्लीट' अशी ओळ असते, ती आहे का पाहा. ही फाईल आत्ता, हे वाचता वाचता, दुसऱ्या डिस्कवर घ्या. तुमच्याकडची सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच आहे आणि ती संशयित डिस्कवर पडली आहे.

तपासणी दुसऱ्या कॉपीवर, दुसऱ्या मशीनवर. पण त्या मशीनवर उबंटू तेच २२.०४ आणि पोस्टग्रेस तेच १४ टाका. वेगळ्या लिनक्सवर डेटा डिरेक्टरी नेऊन ठेवली तर टेक्स्टची सॉर्टिंग करायचे नियम बदललेले असू शकतात, २०१८ मध्ये ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ आलं तेव्हा हे मोठ्या प्रमाणात झालं होतं, नावांवरचे इंडेक्स कोणतीही एरर न देता चुकीचे झाले होते. आधीच इंडेक्सची तक्रार असताना त्यात ही भर नको, मग कोणता बिघाड जुना नि कोणता आपण केला ते समजणार नाही. कॉपीवर सर्व्हर उठवताना पोर्ट बदला, बाहेरून कोणी जोडू शकणार नाही असं करा, ऑटोव्हॅक्युम ऑफ ठेवा.

पहिलं काम, नवीन डंप काढायचा प्रयत्न करा, टेबल-टेबल करून. कोणतं टेबल अडतं ते कळेल. पण डंप नीट निघाला म्हणजे सगळं नीट असं नाही, डंप टेबल वाचतो, तुमचे इंडेक्स तपासत नाही. त्यासाठी पीजी_एमचेक आहे, व्हर्जन १४ पासूनच आलं, तुमच्याकडे आहे. त्याला हीपऑलइंडेक्स्ड सांगून चालवा म्हणजे टेबलमधली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का तेही तो पाहतो. वेळ लागेल, लागू द्या. चेकसम (पान बिघडलं की ओळखायचा ताळ्याचा आकडा) चालू असते तर पीजी_चेकसम्सने प्रत्येक पान तपासता आलं असतं, पण १४ मध्ये ते आपणहून चालू नसतं, २०२५ च्या व्हर्जन १८ पासून मुळातच चालू आलं आहे. तुमच्याकडे नसेल असंच धरून चाला.

ती चार बिलं जी रजिस्टरमध्ये दिसतात पण शोधल्यावर सापडत नाहीत, ती बहुतेक सुरक्षित आहेत. रजिस्टर पूर्ण टेबल वाचतो, शोध इंडेक्समधून जातो, म्हणजे टेबल ठीक आणि इंडेक्स बिघडलेला. सेशनमध्ये इंडेक्सस्कॅन, इंडेक्सओन्लीस्कॅन आणि बिटमॅपस्कॅन तिन्ही ऑफ करून तोच शोध परत करून पाहा, सापडली की खात्री झाली. त्याला रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, पुरतं. युनिक इंडेक्स रीइंडेक्स करताना डुप्लिकेट आहे म्हणून अडला, तर त्याचा अर्थ क्रॅशनंतर कोणीतरी तेच बिल परत बनवलं आहे, तिथे मशीनवर सोडू नका, दोन्ही ओळी समोर ठेवून माणसाने ठरवायचं कोणती ठेवायची.

खराब पानाचं काम जास्त नाजूक. एररमध्ये 'बेस', मग एक आकडा, मग दुसरा आकडा असा फाईलचा रस्ता असतो आणि ब्लॉक नंबर असतो. दुसरा आकडा पीजी_क्लास ह्या टेबलांच्या यादीतल्या रेलफाइलनोडशी जुळवला की टेबल कळतं. समजा ब्लॉक ५१२० खराब आहे. व्हर्जन १४ मध्ये सीटीआयडीच्या (ओळ कोणत्या ब्लॉकवर आहे त्या पत्त्याच्या) रेंजने वाचता येतं आणि ते पटकन होतं, म्हणून ५१२० च्या आधीच्या सगळ्या ओळी एका नवीन टेबलमध्ये घ्या, ५१२१ पासूनच्या पुढच्या सगळ्या घ्या, मधलं एक पान सोडा. अशी चार-पाच पानं खराब असतील तर तेवढे तुकडे. मग सुटलेल्या पानांवर कोणती बिलं होती? बिल नंबर सलग असतात, नवीन टेबलमध्ये नंबरांची गॅप शोधा, तीच तुमची गेलेली बिलं. ती तीन आठवड्यांपूर्वीच्या डंपमधून उचला. 'मिसिंग चंक' ची एरर असेल तर पान नाही, एखाद्या ओळीचा मोठा मजकूर हरवला आहे, तिथे एक-एक ओळ वाचणारा छोटा लूप लिहून जी ओळ एरर देते ती नोंदवून पुढे जायचं.

झिरो_डॅमेज्ड_पेजेस नावाचं एक सेटिंग तुम्हाला शोधल्यावर लगेच सापडेल आणि मोह होईल, कारण ते ऑन केलं की एरर जाते. एरर जाते कारण ते पान कोरं समजलं जातं, त्यावरच्या चांगल्या ओळींसकट. पानाचं फक्त हेडर बिघडलेलं असेल आणि आतली पन्नास बिलं शाबूत असतील तरी ती पन्नासही गेली. वापरायचंच असेल तर फक्त कॉपीवर, फक्त त्या सेशनपुरतं, आणि बाकी सगळं करून झाल्यावर.

आणखी एक, ज्याचा विचार कोणी करत नाही. पान पूर्ण शून्याने भरलेलं असेल तर पोस्टग्रेस त्याला खराब मानतच नाही, नवीन कोरं पान समजून पुढे जातो, एरर नाही, काही नाही, फक्त ओळी कमी. म्हणून 'आता एरर येत नाही' ह्याच्यावर थांबू नका. बिलांच्या नंबरांची गॅप प्रत्येक महिन्याची तपासा, फक्त मार्चची नाही. बिलाची एकूण रक्कम आणि त्याच्या आयटमांची बेरीज जुळते का पाहा. आणि तुमच्याकडे एक असा पुरावा आहे जो ह्या डिस्कवर नाही: मार्चचा जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी रिटर्न) तुम्ही एप्रिलमध्येच भरला असेल, त्यात जीएसटी नंबर असलेल्या प्रत्येक पार्टीचं बिल नंबर, तारीख, रक्कम सगळं आहे. पोर्टलवरून काढा आणि डेटाबेसमधल्या मार्चशी ओळीओळीने ताळा करा. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइसही असतील. बिनानंबरच्या गिऱ्हाइकांची विक्री तिथे एकत्र दिसते, त्यांच्यासाठी गोडाऊनचे चलान आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ. मे महिन्यातली शेवटच्या तीन आठवड्यांची बिलं अजून रिटर्नमध्ये नाहीत, त्यामुळे त्या तारखांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

सगळं जुळलं की दुरुस्त केलेल्या डिरेक्टरीवर धंदा चालू करू नका. त्या कॉपीवरून डंप काढा, नवीन डिस्कवर नवीन क्लस्टर (कोरी डेटा डिरेक्टरी) बनवा, बनवताना चेकसम चालू करा, आणि त्यात रिस्टोअर करा. रिस्टोअर होताना फॉरेन की आणि युनिकच्या अटी परत लागतात, जे लपून राहिलं असेल ते तिथे ओरडतं, बिलाशिवायचे आयटम, पार्टीशिवायची बिलं. रीइंडेक्स करून काम भागलं असं वाटलं तरी मी हे करतोच, कारण ज्या डिरेक्टरीत एक बिघाड सापडला तिथे न सापडलेला दुसरा नाही असं मला कोणी लिहून देऊ शकत नाही.

मायएसक्यूएलवाले पण विचारतील म्हणून थोडक्यात: इनोडीबीचं (मायएसक्यूएलचा टेबलं ठेवायचा प्रकार) पान १६ केबीचं, फाटक्या पानासाठी त्यांचा डबलराइट बफर असतो. उठतच नसेल तर इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी १ पासून सुरू करून एक-एक वाढवायचं, ज्या आकड्यावर उठेल तिथे थांबून डंप काढायचा. ४ पासून पुढे ते स्वतःच डेटा कायमचा बिघडवू शकतं, म्हणून तिथेही कॉपी आधी. मायआयसॅम ह्या जुन्या प्रकारात टेबलं असतील तर क्रॅशपासून संरक्षण असं काही नसतंच, ती इनोडीबीत न्या.

आता तो यूपीएस. आपल्याकडे नवतपात बाहेर ४५ च्या वर असतं, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त, आणि लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्री धरून सांगितलेलं असतं, त्याच्या वर दर १० डिग्रीला ते साधारण अर्धं होतं. तुमची बॅटरी दोन उन्हाळे पाहिलेली असेल तर ती दोन मिनिटं न धरण्यात नवल नाही. यूपीएस खाली घ्या जिथे गारवा आहे, नवी बॅटरी टाका, आणि दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी दुकान बंद असताना डेटाबेस नीट बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करून पाहा खरंच किती मिनिटं धरतो. यूएसबीने यूपीएस सर्व्हरला जोडून नट नावाचं सॉफ्टवेअर टाका, बॅटरी संपायच्या आधी ते मशीन नीट बंद करतं. आणि सर्व्हर कूलरच्या झोतासमोर ठेवला असेल तर हलवा, ओलसर हवा आणि धूळ मिळून बोर्डावर जे बसतं ते मी खूप मशीन उघडून पाहिलं आहे. बॅकअप रोज रात्री, दुसऱ्या मशीनवर, आणि आठवड्यातून एकदा शेटजींच्या घरी जाणाऱ्या डिस्कवर. महिन्यातून एकदा तो रिस्टोअर करून त्यातलं कालचं एक बिल उघडून पाहायचं.

आज रात्रीपर्यंत एवढंच करा: बिलबुक काढा, सर्व्हर बंद करा, डंपची जुनी फाईल वाचवा, दोन कॉप्या घ्या. झालं की मला लॉगमधल्या लाईन गेल्यापासूनच्या सगळ्या ओळी पाठवा आणि स्मार्टसीटीएलचं पूर्ण आउटपुट, आणि पार्टीने पैसे दिले की सॉफ्टवेअर बिलाच्या टेबलमध्येच लिहितं की वेगळ्या, तेवढं त्या इंजिनिअरला विचारून ठेवा.